ब्रह्मावर्तचा मल्लखांब आणि मॉस्कोचा हातोडा

सह्या ताडून पाहणे हा आम्हां कारकुनांच्या आयुष्यातील नित्याचा विधी आहे. डावीकडे जुन्या कागदपत्रांतील नमुना सही, उजवीकडे नव्या अर्जावरील सही. दोन्ही जुळल्या तर ‘जुळते’ असा शेरा मारावयाचा, न जुळल्या तर ‘फरक आढळतो’ असे लिहून कागद परत पाठवावयाचा. काही वर्षांपूर्वी एका वृद्ध सेवानिवृत्त गृहस्थांचा पेन्शनसंबंधीचा अर्ज मी असाच परत केला. ते दुसऱ्यांदा आले. पुन्हा फरक आढळला. तिसऱ्या खेपेस ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले, एक कोरा कागद मागून घेतला, त्यावर एकाखाली एक अशा पाच सह्या केल्या आणि कागद माझ्यापुढे सरकवून शांतपणे विचारले, “बाबूजी, यांतली माझी कोणती, तेवढे सांगा.” पाचही सह्या निरनिराळ्या होत्या, आणि पाचही त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत केल्या होत्या.

मी तो कागद वरिष्ठांकडे नेला व प्रकरण मिटले. मनातला प्रश्न मात्र मिटला नाही. त्या संध्याकाळी विकासनगरातील घरी आल्यावर मी स्वतःच्या दहा सह्या करून पाहिल्या. वय चाळिशीच्या आत, हात निरोगी, सही करण्याचा सराव रोजचा; तरी एकीसारखी दुसरी नव्हती. एकच माणूस, एकच हात, एकच काम. मग दोनदा केलेली कृती एकसारखी का होऊ नये? आणि ती तशी होत नसेल, तर तो हाताचा दोष मानावा की गुण?

या प्रश्नाचा माग काढू लागलो तेव्हा तो मला दोन ठिकाणी घेऊन गेला. एक ठिकाण मॉस्को. आणि दुसरे आमच्या लखनऊपासून दोन-अडीच तासांच्या वाटेवरचे, कानपूरपलीकडचे गंगाकाठचे बिठूर, म्हणजे आपल्या बखरींतले ब्रह्मावर्त. पहिल्याचा इतिहास मराठी वाचकाला फारसा ठाऊक नाही आणि दुसऱ्याचा ठाऊक असून विसरल्यासारखा झाला आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ब्रह्मावर्ताकडे वळू. मल्लाने खांबावर मेहनत करावी ही कल्पना आपल्याकडे फार जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या निरनिराळ्या श्रमांचे वर्णन आहे व त्यांत स्तंभश्रमाचाही समावेश आहे. परंतु आज आपण ज्याला मल्लखांब म्हणतो, त्या पद्धतशीर विद्येचे श्रेय परंपरा एकमुखाने बाळंभटदादा देवधर यांना देते. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत निजामाच्या मुलुखातून अली आणि गुलाब या नावांचे दोन मल्ल पुण्यास आले, त्यांनी आव्हान दिले आणि कोणीच पुढे येईना, तेव्हा बाळंभटदादा नावाच्या तरुणाने ते स्वीकारून मुदत मागून घेतली. वणीच्या सप्तशृंगीच्या परिसरात त्यांनी अनुष्ठान केले, तेथे वानररूपाने मारुतीने त्यांना लाकडी खांबावरचे डाव दाखविले, आणि परत येऊन त्यांनी कुस्ती जिंकली, अशी ही कथा आहे.

दृष्टान्ताचा भाग श्रद्धेचा म्हणून बाजूला ठेवला तरी या कथेत एक मर्म उरतेच. वानराला झाडावर चढताना पाहणारा माणूस नेमके काय शिकतो? ज्या फांदीवर वानर काल चढले, ती आज वाऱ्याने हलते आहे, दवाने ओली आहे, तिच्यावर दुसरे वानर बसले आहे. वानराला ठरीव चढाई ठाऊकच नसते. त्याला वर पोहोचणे ठाऊक असते. या गोष्टीकडे आपण पुढे परत येऊ.

१८०२ सालअखेरच्या वसईच्या तहाने पेशवाईची मान इंग्रजांच्या हाती गेली, १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि १८१८ च्या जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. सालिना आठ लाख रुपयांचे वर्षासन घेऊन, दक्षिणेपासून दूर, गंगेच्या काठी त्याने राहावे असे ठरले. बाजीरावाच्या गुणदोषांची चर्चा आपल्या इतिहासकारांनी पुष्कळ केली आहे, तीत मी शिरत नाही. पण त्याच्यामागे जो गोतावळा बिठुरास आला, त्याच्याकडे आपण परप्रांती नोकरी करणाऱ्या मंडळींनी जरा निराळ्या नजरेने पाहावयास हवे. भटभिक्षुक, कारकून, शागीर्द, आचारी, वैद्य, शास्त्री आणि तालीमबाज असे एक छोटेसे पुणेच गंगेच्या वाळवंटाशेजारी वसले. तेथे भाषा निराळी, हवा निराळी, लाकूड निराळे, मातीचा पोतही निराळा. सोबत आणता आले ते एवढेच, जे अंगात भिनले होते.

बाळंभटदादांची विद्या या गोतावळ्याबरोबर उत्तरेत आली असे परंपरा सांगते. बिठूरच्या वाड्यात दत्तक घेतलेले नानासाहेब, तात्या टोपे, आणि मोरोपंत तांब्यांची कन्या मनकर्णिका, जी पुढे झाशीची राणी झाली, ही सर्व मंडळी याच आखाड्यात तयार झाली अशी आख्यायिका तेथे आजही सांगतात. बाळंभटदादांचे पट्टशिष्य कोंडभटनाना गोडबोले यांचे नाव काशीच्या आखाड्याशी जोडलेले आहे. आख्यायिकांच्या तपशिलात कमीअधिक असेल. परंतु पुण्याची ही विद्या पेशवाई बुडाल्यानंतर गंगेच्या काठी जगली आणि तेथून पुन्हा देशभर पसरली, ही गोष्ट मल्लखांबाच्या सर्व गुरुपरंपरा मानतात.

१८५१ च्या जानेवारीत बाजीराव वारला. डलहौसीच्या सरकारने त्याचे वर्षासन दत्तक पुत्राकडे चालू ठेवण्याचे नाकारले. पेन्शनच्या कागदांत ज्यांचे दिवस जातात त्यांना या प्रकरणाचे विशेष वाटेल: अर्ज झाले, विलायतेपर्यंत अजीमुल्लाखानास वकील म्हणून पाठविले गेले, आणि उत्तर तेच राहिले. पुढचे सर्वांस ठाऊक आहे. १८५७ च्या धुमाळीत इंग्रजी फौजांनी बिठूरचा वाडा उद्ध्वस्त केला. आखाडा गेला, खांब गेला, आश्रयदाता परागंदा झाला. जी विद्या एका जागेला, एका लाकडाला, एका धन्याला बांधलेली असती, ती तेव्हाच संपली असती.

ती संपली नाही. बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध केले व देशी व्यायामविद्येबरोबर मल्लखांबालाही ग्रंथात कायमचे स्थान मिळाले. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कवर १९२५ पासून समर्थ व्यायाम मंदिर उभे आहे. १९८१ साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, मध्य प्रदेशाने २०१३ साली मल्लखांबाला राज्यक्रीडेचा मान दिला, आणि २०१९ साली मुंबईत पहिली जागतिक स्पर्धा भरली.

आता खांबाकडे पाहू, म्हणजे हे कसे घडले ते कळेल. पुरलेला मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा असतो. जमिनीवर त्याची उंची सुमारे अडीच मीटरांहून थोडी अधिक. खाली जाड, वर निमुळता. शरीरभागास अंग म्हणतात, वरच्या बारीक भागास मान आणि टोकाच्या गोलास बोंड. लाकडाला एरंडेल चोळतात व पकडीसाठी राळ लावतात. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, उतरती, ताजवा अशी त्याच्या कसरतींची नावे आहेत. खांब निमुळता असल्यामुळे प्रत्येक वीत वर गेल्यावर पायांच्या विळख्याला निराळा घेर मिळतो. तेलाचे प्रमाण रोजचे निराळे, घामाचे निराळे, पावसाळ्यातले लाकूड निराळे आणि उन्हाळ्यातले निराळे. म्हणजे ‘तीच’ अढी तशीच्या तशी करण्याची सोयच या साधनाने ठेवलेली नाही.

याचा अनुभव मी लहानपणी घेतला आहे. आमच्या गावच्या तालमीत मी तीन वर्षे जात असे. मला आकड्यांची आवड. म्हणून मी प्रत्येक उडीचे आकडे बसविले होते. एकला हात, दोनला कंबर, तीनला विळखा. डोळे मिटूनसुद्धा मी ती उडी करीत असे आणि त्याचा मला मोठा अभिमान वाटे. वस्तादांना मात्र ते मुळीच रुचत नसे. ते मुद्दाम कधी तेल जास्त लावीत, कधी मला डाव्या बाजूने चढावयास सांगत, कधी पुरलेल्या खांबावरून उठवून टांगत्या खांबावर पाठवीत. मी तक्रार केली की म्हणत, “खांब कालचा नाही, तूही कालचा नाहीस, मग उडी कालची कशाला मागतोस?” मला तो त्यांचा लहरीपणा वाटे. हनुमान जयंतीच्या प्रात्यक्षिकात खांबाला तेल जरा अधिक लागले होते. माझे आकडे बरोबर पडले आणि विळखा चुकला. मानेवरून घसरत खाली आलो, मनगट दुखावले आणि त्यानंतर मी तालीम सोडली. माझ्यामागून चढलेल्या, माझ्याहून लहान मुलाने त्याच निसरड्या खांबावर तीच उडी सुखरूप केली. त्याची उडी मी आधी अनेकदा पाहिली होती; ती रोज थोडी वेगळी दिसे, आणि म्हणून मी त्याला कच्चा समजत असे.

वस्तादांच्या त्या वाक्याचा शास्त्रीय अर्थ मला वीस-पंचवीस वर्षांनी एका रशियन शास्त्रज्ञाच्या चरित्रात सापडला. निकोलाय बर्नश्टाइन हा १८९६ साली मॉस्कोत जन्मलेला वैद्य. क्रांतीनंतरच्या रशियात कामगारांची कार्यक्षमता वाढविण्याच्या हेतूने आलेक्सेय गास्तेव याने १९२० साली एक केंद्रीय श्रमसंस्था स्थापन केली होती. अमेरिकेत टेलरने कामगारांच्या हालचालींचे घड्याळ लावून जे मोजमाप चालविले होते, त्याचाच हा रशियन अवतार. हातोडा मारण्याची एक उत्कृष्ट पद्धत शोधून काढावयाची आणि मग तीच प्रत्येक कामगाराच्या अंगी बाणवावयाची, असा संस्थेचा मनोदय होता. यंत्राने हलणारा हातोडा शिकाऊ कामगाराच्या हाती देऊन त्याच्या हाताला ती लय लावण्याचेही प्रयोग तेथे झाले. १९२२ साली या संस्थेत दाखल झालेल्या बर्नश्टाइनकडे हातोड्याच्या घावाचे सूक्ष्म निरीक्षण करण्याचे काम आले.

त्याने युक्ती अशी योजिली: कामगाराच्या खांद्याला, कोपराला, मनगटाला आणि हातोड्याला छोटे दिवे बांधले, छायाचित्रयंत्रापुढे फिरती झडप ठेवली, आणि एका फितीवर प्रत्येक दिव्याचा मार्ग ठिपक्याठिपक्यांनी उमटू दिला. ठिपक्यांमधील अंतरावरून वेग, वेगाच्या बदलावरून बल, असे सारे गणित मांडता आले. ज्यांचे हात वर्षानुवर्षे तोच घाव घालीत आलेले, असे निष्णात कामगार त्याने पाहिले. त्यांचे हात यंत्रासारखे एकाच रेषेत फिरताना दिसतील अशीच कोणाचीही अपेक्षा असणार.

दिसले ते निराळेच. हातोड्याचे टोक दर वेळी जवळजवळ त्याच जागी पडत होते. परंतु खांदा, कोपर आणि मनगट यांचे मार्ग प्रत्येक घावाला वेगवेगळे होते. टोकाचा फरक थोडा, सांध्यांचा अधिक. हे जरा विचार करण्यासारखे आहे. मेंदूकडून सांध्यांना ठरावीक हुकूम जात असते आणि फरक म्हणजे केवळ चुका असत्या, तर खांद्याची चूक, कोपराची चूक व मनगटाची चूक यांची बेरीज होऊन टोकाशी सर्वांत मोठा घोटाळा दिसावयास हवा होता. उलट टोक स्थिर होते. याचा अर्थ एकच: खांदा किंचित चुकला की कोपर ते भरून काढीत होते, कोपर हुकले की मनगट सावरून घेत होते. सांधे एकमेकांना सांभाळून घेत होते आणि त्यांच्या या सांभाळण्यालाच आपण कौशल्य म्हणतो.

वाचकांनी बसल्या जागी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. तर्जनीचे टोक टेबलावर टेकवावे आणि ते न हलविता कोपर वर-खाली करावे. कोपर सहज हलते, बोट जागच्या जागी राहते. खांद्याच्या तीन दिशा, कोपराची एक, पुढच्या हाताच्या पिळाची एक आणि मनगटाच्या दोन, अशा सात स्वतंत्र हालचाली हाताला उपलब्ध आहेत. बोटाचे टोक अवकाशातील एका बिंदूवर नेण्यास तीनच पुरतात. मग बाकीच्यांचे करावयाचे काय? एकाच बिंदूवर पोहोचण्याच्या अगणित वाटांपैकी शरीर कोणती निवडते आणि कशी? हा प्रश्न बर्नश्टाइनने शास्त्रापुढे मांडला व तो आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. नवशिका माणूस अधिकच्या वाटा बंद करून टाकतो: अंग ताठ करतो, सांधे आवळतो, म्हणून तो लाकडी दिसतो. सरावाने तो एकेक सांधा मोकळा करतो आणि मोकळ्या झालेल्या सांध्यांना एकमेकांशी बोलावयास लावतो.

शिवाय शरीर म्हणजे यंत्राचा दट्ट्या नव्हे. स्नायूला गेलेला एकच संदेश हात उंच असताना निराळा परिणाम करतो आणि खाली असताना निराळा. गुरुत्वाकर्षण, आधीचा वेग, थकवा या सर्वांचा त्यावर प्रभाव असतो. म्हणून तोच हुकूम पुनःपुन्हा पाठवून तीच कृती मिळत नाही. तीच कृती हवी असेल तर हुकूम सतत बदलावा लागतो. यावरून बर्नश्टाइनने सरावाची व्याख्याच पालटली. सराव म्हणजे एकदा सापडलेले उत्तर पुनःपुन्हा गिरविणे नव्हे, तर उत्तर शोधण्याची क्रिया पुनःपुन्हा करणे. वरवर पाहता ही पुनरावृत्ती, आतून पाहता तिच्यात पुनरावृत्ती काहीच नाही.

या माणसाची पुढची हकीगत आपल्या सरकारी नोकरांना ओळखीची वाटेल. १९४७ साली त्याचा हालचालींच्या घडणीविषयीचा मोठा ग्रंथ निघाला, १९४८ साली त्याला स्तालिन पारितोषिक मिळाले. आणि थोड्याच काळात, पाव्हलॉव्हचे मत प्रमाण मानीत नाही या आरोपाखाली त्याच्यावर टीकेचा भडिमार होऊन त्याची प्रयोगशाळा गेली. सामान्य वाचकांसाठी चापल्य या विषयावर त्याने लिहिलेले पुस्तक हस्तलिखितातच राहिले व १९९१ साली प्रसिद्ध झाले. तो स्वतः १९६६ च्या जानेवारीत वारला. त्याच्या निबंधांचा इंग्रजी संग्रह त्याच्या पश्चात १९६७ साली बाहेर पडला आणि मग त्याचे नाव जगभर गेले.

त्यानंतरच्या संशोधनाने त्याचे म्हणणे पुष्कळ पुढे नेले आहे. १९६० नंतरच्या दशकात रशियातच पिस्तूल चालविणाऱ्यांचा अभ्यास झाला. निष्णात नेमबाजाचा हातही हलतोच. पण त्याचे मनगट एका बाजूला कलले तर खांदा दुसरीकडे कलून नळीची दिशा कायम राखतो. नवशिक्याचे मनगट आवळलेले असते आणि त्याचे सांधे एकमेकांची भरपाई करीत नाहीत. १९९९ साली शोल्ट्स व श्योनर यांनी हालचालीतील फरकाचे दोन वाटे गणिताने वेगळे करण्याची रीत मांडली: ज्याने ध्येयाला बाध येत नाही तो एक आणि ज्याने ध्येय बिघडते तो दुसरा. कुशल माणसात पहिला वाटा मोठा व दुसरा लहान असतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. फरक म्हणजे सर्वत्र गुणच, असा याचा अर्थ नव्हे. वृद्ध माणसांच्या चालण्यात पावलापावलाच्या वेळेतील चढउतार जास्त असला तर पडण्याचा धोका वाढतो, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले आहे. माझी खांबावरची घसरण हाही एक फरकच होता. तेव्हा प्रश्न फरक आहे की नाही हा नसून, तो फरक कशाची राखण करतो हा आहे.

तितकीच सावधगिरी दुसऱ्या बाजूनेही हवी. आमच्या पूर्वजांना हे सर्व आधीच ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह मराठी माणसाला चटकन होतो, मलाही झाला. पण बाळंभटदादांपाशी दिवे नव्हते, फिरती झडप नव्हती, सात आणि तीन यांचे गणित नव्हते. ज्ञान असणे आणि ते सिद्ध करून दाखविणे यांत अंतर आहे आणि ते अंतर मॉस्कोच्या त्या वैद्याने ओलांडले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तथापि एक गोष्ट आपल्या पदरात राहते. गास्तेवच्या संस्थेने शिकाऊ कामगाराचा हात यंत्राच्या लयीला जुंपून पाहिला. आपल्या तालमीने शिकाऊ मुलाला निमुळत्या, निसरड्या, कधी टांगत्या खांबावर सोडले. वेताच्या मल्लखांबाचा चांगला वेत मिळेनासा झाला तेव्हा त्याची जागा सुती दोराने घेतली आणि अढी, तेढी दोरावर गेल्या. साधन बदलले, सांध्यांचे मार्ग बदलले, अढी मात्र अढीच राहिली. या मल्लविद्येला शास्त्राची भाषा नव्हती, पण शिकविण्याची रीत शास्त्राला धरून होती.

आज त्याच विद्येपुढे एक निराळा पेच आहे. स्पर्धा आल्या, नियम आले, गुण आले. आणि गुण द्यावयाचे तर ठरीव संच हवेत, सर्वत्र सारखा खांब हवा. यात गैर काही नाही; नियमांवाचून हा खेळ परदेशांत पोहोचला नसता. पण ठरीव संचासाठी तयारी करणारा मुलगा जर केवळ ठरीव खांबावरच वाढला, तर तो माझ्यासारखा आकडे मोजीत चढेल. परीक्षेसाठी साम्य हवे असते व तयारीसाठी वैविध्य. शिक्षकाने हे दोन्ही ध्यानात ठेवावे एवढेच म्हणावयाचे आहे. याच लखनऊ शहरात १९२६ साली पंडित भातखंड्यांच्या प्रयत्नाने संगीताचे महाविद्यालय निघाले. त्यांनी चिजांना स्वरलिपीत बांधले, पण त्या विद्यालयातून बाहेर पडलेला कोणताही जाणता गायक तोच राग दोनदा सारखा गात नाही. आणि तो चुकला असेही कोणी म्हणत नाही.

गेल्या माघात एका रविवारी मी बिठूरला जाऊन आलो. घाटावर ब्रह्मदेवाची खुंटी दाखवितात. अवधच्या नबाबांचा मंत्री टिकैतराय याने बांधविलेला पत्थरघाट अद्याप देखणा आहे. वाड्याच्या परिसरात स्मारक आणि बगीचा आहे. देवधरांच्या खांबाची खूण मला कोठेही दिसली नाही, आणि दिसेल या आशेने मी गेलोही नव्हतो. परतताना मनात आले की, बिठूरला आलेल्या त्या मंडळींनी पुणे जसेच्या तसे उभे करण्याचा हट्ट धरला असता, तर ते वाड्याबरोबरच जळून गेले असते. आपण बदलीच्या गावी मुलांना मराठी शिकवितो, तेव्हा त्यांचे उच्चार आपल्या आजीसारखे येत नाहीत म्हणून मन खट्टू होते. माझी मुलगी ‘मी शाळेत जात आहे’ असे हिंदीच्या वळणाने म्हणते, आणि मी तिला टोकतो. टोकणे सोडावे असे नव्हे. पण टोक कोठे पडते आहे ते आधी पाहावे आणि मग कोपराचा हिशेब करावा, इतके मी बर्नश्टाइनकडून आणि आमच्या वस्तादांकडून शिकलो.

टेबलावरच्या कामातही थोडा फरक पडला. हस्ताक्षर तपासणारे जाणकार सांगतात की, खऱ्या माणसाच्या सह्यांत नैसर्गिक फरक असतोच. उलट दोन सह्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या, तर एक दुसरीवरून गिरविलेली असण्याचा संशय घ्यावा. हे वाक्य मी कारकुनीची पाच-सहा वर्षे झाल्यावर वाचले. पहिल्या दिवशी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. नियम तेच आहेत व ते मी पाळतो. पण ‘फरक आढळतो’ असे लिहिण्यापूर्वी आता मी अक्षरांचा क्रम, वळणाची दिशा, रेघ कोठून सुरू होते व कोठे संपते हे पाहतो. शक्य असेल तर त्या माणसाला खुर्ची देऊन समोर सही करावयास सांगतो.

त्या वृद्ध गृहस्थांचा आणखी एक अर्ज गेल्या हिवाळ्यात आला. हाताचा कंप वाढला होता, अक्षरे अधिक विखुरली होती. पण आडनावाच्या शेवटी खालून वर जाणारी लांब रेघ पूर्वीच्याच जागी, पूर्वीच्याच दिशेने गेली होती. मी नमुना सही शेजारी ठेवली, दोन्ही नीट पाहिल्या आणि ‘जुळते’ असा शेरा लिहिला.